एकास सहा

ज्या माणसाच्या हातून भिंतीत खिळा सरळ जात नाही त्याने रणगाडा बांधायला घेऊ नये, हा साधा नियम मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळला. तेव्हा उशीर झाला होता. आमच्या बाल्कनीचा कारखाना झाला होता, कपडे वाळत घालायची दोरी जिन्यात गेली होती, आणि आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली होती, "ते नं, आत आहेत. युद्धावर."

वस्तुतः मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. आहे. माझा आणि युद्धाचा संबंध महिन्याच्या एक तारखेला पेन्शनरांच्या रांगेशी येतो तेवढाच. पण माणसाच्या आयुष्यात एखादा आकडा असा येतो की तो जुळेपर्यंत झोप लागत नाही. माझ्या आयुष्यात तो आकडा पस्तीस होता.

झालं असं, की चिरंजीवांच्या वाढदिवसाला कुणीतरी प्लॅस्टिकच्या रणगाड्याचं खोकं दिलं. चिरंजीवांनी दोन चाकं चिकटवली, तिसरं स्वतःच्या बोटाला चिकटवलं आणि तिथून त्यांची सेवानिवृत्ती झाली. उरलेला रणगाडा माझ्या गळ्यात. मी तो रात्री जागून पुरा केला, आणि खोक्यावर पाहिलं तर 'एकास पस्तीस' लिहिलेलं. म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा हिस्सा. आता, एकास तीस समजू शकतो, एकास चाळीस समजू शकतो. पस्तीस कशासाठी? आमच्या बँकेत व्याजाचा दर साडेसहा असला तरी त्यामागे काहीतरी कारण असतं. ते कुणाला सांगत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

शोध घेतला तेव्हा मन प्रसन्न झालं. जपानात शिझुओका नावाचं शहर आहे. तिथं तामिया घराण्याचा लाकडाचा धंदा. महायुद्धानंतर त्यांनी लाकडाची मॉडेलं करायला घेतली, पुढे प्लॅस्टिककडे वळले, आणि १९६१ साली जर्मनांचा 'पँथर' रणगाडा काढला. त्यात छोटी मोटर होती, तो चालायचा. मोटर म्हटली की बॅटरी आली. तेव्हा आधी बॅटरी आत बसेल एवढा रणगाडा केला, आणि खऱ्याशी ताडून पाहिलं तेव्हा प्रमाण सुमारे पस्तिसावा हिस्सा भरलं. बस्स. त्यानंतर त्याच मापात पुढचे रणगाडे निघाले, त्यांच्याशी जुळावं म्हणून सैनिक निघाले, त्यांचं पाहून इतर देशांतल्या कंपन्यांनीही तेच माप धरलं. आज जगभरचे शौकीन ज्या मापावरून एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात, ते माप बॅटरीने ठरवलेलं आहे. आमच्या एका शाखेत लेजरची लांबी कपाटाच्या खणावरून ठरली होती, त्याची मला आठवण झाली. इतिहास हा असा घडतो. थोर माणसं नंतर येतात, आधी खण येतो.

त्याच कंपनीने १९७४ साली सोळाव्या हिश्शाचा 'शर्मन' रणगाडा काढला, तो रेडिओवर चालणारा. हातात डबी, डबीत दोन दांड्या, आणि वीस पावलांवर रणगाडा आपल्या हुकमात. ज्याच्या हुकमात घरातलं मांजरही नाही अशा माणसाला यात काय वाटत असेल ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता रेडिओवर चालणाऱ्या या लढाऊ खेळण्यांचा मूळपुरुष कोण, हे पाहणं आलं. माणसाने एखादं व्यसन धरलं की त्याची कुळकथा तोंडपाठ हवी. ऐनवेळी बायकोसमोर उपयोगी पडते.

मूळपुरुष निघाले निकोला टेस्ला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं टेस्लासाहेबांनी पाण्याच्या हौदात एक छोटी लोखंडी बोट सोडली. तार नाही, दोरी नाही. साहेब दुरून खटका दाबतात आणि बोट डावीकडे वळते, उजवीकडे वळते, दिवे लावते. लोकांचा विश्वास बसेना. साहेब मोठे मिस्कील. त्यांनी लोकांना सांगितलं, बोटीला प्रश्न विचारा. कुणी चौसष्टाचं घनमूळ विचारलं, तर बोटीने चार वेळा दिवे लुकलुकवले. बोटीला गणित येत नव्हतं, साहेबांना येत होतं. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हाही ग्राहकांचा असाच समज झाला होता. फरक इतकाच, की आमच्यात मागे बसलेल्यालाही येत नव्हतं.

पण मला हसू आलं ते त्या बोटीच्या पेटंटचं. त्यात टेस्लांनी गंभीरपणे लिहून ठेवलं आहे की या शोधाचा सर्वांत मोठा उपयोग युद्धात होईल, आणि त्याचा विध्वंस इतका खात्रीचा आणि अमर्याद असेल की राष्ट्राराष्ट्रांत कायमची शांतता नांदेल. साल १८९८. पुढची दोन महायुद्धं डोळ्यांपुढे आणा आणि त्या हौदातल्या बोटीकडे पाहा. आमच्याकडेही कर्जाचे अर्ज याच भाषेत भरलेले असतात.

नंतर या शोधाने सिनेमातही काम केलं. रेजिनाल्ड डेनी नावाचे एक इंग्रज नट हॉलिवुडात होते. हिचकॉकच्या १९४० सालच्या 'रिबेका' चित्रपटात ते दिसतात. पहिल्या महायुद्धात विमानदलात काम केलेले हे गृहस्थ. शूटिंग नसलं की छोटी विमानं बनवत. त्यांनी हॉलिवुडमध्ये मॉडेलांचं दुकानच काढलं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की विमानविरोधी तोफांच्या गोलंदाजांना सरावासाठी निशाण हवं असतं. ते रेडिओवर चालणारं छोटं विमान का असू नये? सैन्याला पटलं. महायुद्ध संपेपर्यंत डेनींच्या रेडिओप्लेन कंपनीने अशी सुमारे १५,००० विमानं बांधली. त्याच काळात त्या कारखान्यात लष्कराचा एक छायाचित्रकार कामगार मुलींचे फोटो काढायला गेला. त्यातल्या एका मुलीचा फोटो चांगला आला. ती पुढे मेरिलिन मन्रो झाली. ही हकिगत मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे ज्यांना दिसायला बरं होतं ते या धंद्यातून बाहेर पडले."

इथपर्यंत सगळं गमतीचं. पण पुढची पानं उलटताना एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. हा सगळा इतिहास म्हणजे यंत्राच्या आत बसायचं कुणी, या प्रश्नाचा इतिहास आहे. रशियनांनी खरेखुरे रणगाडे रेडिओवर चालवले. आत कुणी नाही, मागून दुसऱ्या रणगाड्यात बसलेला माणूस हुकूम देणार. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडविरुद्ध ते लढाईतही उतरवले. जर्मनांनी १९४२ साली 'गोलियाथ' काढला. नाव राक्षसाचं, उंची आमच्या जेवणाच्या टेबलाइतकीही नाही. पोटात स्फोटकं, शेपटीला तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला आडोशाला बसलेला शिपाई. १९४४ मध्ये वॉर्साच्या उठावात पोलिश बंडखोरांनी सरळ तारच कापायला सुरुवात केली. तार तुटली की गोलियाथ जागच्या जागी दगड.

याच्या अगदी उलट इंग्लंडातल्या स्कारबरो गावची नगरपालिका. तिथल्या पीझम पार्कच्या तळ्यात १९२७ सालापासून उन्हाळ्यात नाविक युद्धाचा खेळ होतो. लढाऊ जहाजांच्या वीस-वीस फुटी प्रतिकृती, तोफा, धूर, सगळं. आणि जहाजं चालवतं कोण? नगरपालिकेचे कर्मचारी. आत बसून! रेडिओचा शोध लागून पाव शतक उलटलं होतं, पण नगरपालिकेने आपला माणूस आत घातला. टेस्लांच्या बोटीत माकड दडवलं असेल अशी शंका घेणारे होते म्हणे. इथे शंकेला जागाच ठेवली नाही. आमच्याकडच्या नगरपालिकेत कर्मचारी जागेवर सापडत नाही, तर तो तळ्यातल्या बोटीत कुठून सापडणार?

एवढं वाचल्यावर स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. इंग्लंड-अमेरिकेत एकास सहा मापाचे रणगाडे घरी बांधणारे लोक आहेत. काही तयार भागांचं खोकं मागवतात. पण खरे सोवळ्यातले लोक 'स्क्रॅच'पासून बांधतात. म्हणजे पत्रा, प्लायवूड, प्लॅस्टिकची शीट आणि नकाशा; बाकी प्रत्येक भाग स्वतः कापायचा. मी सोवळ्यातला मार्ग धरला, कारण खोक्याची किंमत पाहिली होती.

रणगाडा निवडला 'सेंच्युरियन'. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेला, पहिले नग १९४५ च्या मे महिन्यात युरोपात पोचले तोवर तिथली लढाई संपलेली. इतका वक्तशीर रणगाडा बँकवाल्याला आपला वाटणारच. शिवाय तो आपल्या सैन्यातही होता. रुंदी ३.३८ मीटर, म्हणजे सहाव्या हिश्शात ५६ सेंटिमीटर. दारातून जातो. तोफ सोडून लांबी सव्वा मीटरच्या आसपास. वजनाचा हिशेब मात्र मी मनातल्या मनात सहाने भागून केला आणि फसलो. लांबी सहाने भागली की रुंदीही सहाने आणि उंचीही सहाने भागली जाते. वजन दोनशे सोळाने. खरा रणगाडा सुमारे ५० टनांचा. म्हणजे अस्सल पोलादाचा केला तर २३० किलोच्या वर. आमची बाल्कनी इंग्रजांनी बांधलेली नाही. मी प्लायवूड आणि ॲल्युमिनियम घेतलं.

जुन्या बाजारात दर रविवारी माझी फेरी सुरू झाली. मोटारीच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या दोन मोटरी मिळाल्या. संथ फिरतात, पण जोर भलता. रणगाड्याला स्टिअरिंगचं चाक नसतं; एका बाजूचा पट्टा हळू केला की तो त्या बाजूला वळतो. म्हणून प्रत्येक पट्ट्याला एक मोटर. बारा व्होल्टची बॅटरी, तपकीर गल्लीतून आणलेली सर्किटं. पट्ट्याच्या एका बाजूला शंभराच्या वर कड्या, दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशेच्या वर. प्रत्येक कडी कापायची, घासायची, भोकं पाडायची, पिन घालायची. चार महिने मी ऑफिसातून येऊन फक्त कड्या केल्या. लोक जप करतात तसा.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर सुभेदारकाका राहतात. सातारा जिल्ह्यातले, सैन्यात ईएमईमध्ये होते. ईएमई म्हणजे लढणाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणारे. वय पंचाहत्तर, पाठ अजून ताठ. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं सेंच्युरियनच्या पोटात काढलेली. एका संध्याकाळी ते वर आले, बाल्कनीत उकिडवे बसले आणि माझ्या कड्या पाहून म्हणाले, "झकास. पण बँकवाले, वरचा अर्धा पट्टा दिसणार न्हाई."

"म्हणजे?"

"साइड प्लेटा येतात त्याच्यावरनं. झाकून जातंय सगळं."

चार महिन्यांतले दोन महिने मी झाकून जाणाऱ्या कड्यांवर घालवले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलं न्हाई. आणि दिसत न्हाई म्हणून करायचं न्हाई, असं कुठंय?"

तेव्हापासून ते रोज येऊ लागले. चाकं एका बाजूला सहा, दोन-दोनच्या जोड्यांत, हे त्यांनी शिकवलं. इंजिन रोल्स-रॉइसचं 'मिटिऑर', बारा सिलिंडरचं, स्पिटफायर विमानाच्या इंजिनाचं सख्खं भावंड, हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू स्वतःच्या घराण्याबद्दल बोलताहेत. "पेट्रोल पितंय किती, त्येचा हिशेब तुमची बँक करू शकणार न्हाई," म्हणायचे. आणि इंग्रजांनी आत चहाचं पाणी तापवायला विजेचं भांडं बसवलं होतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा ही प्रथमच बाल्कनीत येऊन म्हणाली, "तेवढा भाग आधी करा."

दीड वर्षाने तो दिवस उजाडला. रविवार, सकाळी आठ. चौघांनी रणगाडा जिन्याने खाली उतरवला. पार्किंगमध्ये सोसायटीची सगळी पोरं, अध्यक्ष, काही गृहिणी, दूधवाला. मी डबीची दांडी पुढे केली. रणगाडा हलला. खरंच हलला! पट्ट्यांचा तो खडखडाट ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उजवीकडे वळला, डावीकडे वळला. मग अध्यक्षांच्या नव्या गाडीच्या दिशेने निघाला, तेव्हा मी घाबरलो, आणि घाबरून जे करू नये ते केलं. डबीच बंद केली.

माहीतगार सांगतील, की डबी बंद झाली की यंत्राने थांबावं अशी तजवीज आधी करून ठेवावी लागते. ती केली नसेल तर काही यंत्रं शेवटचा हुकूम पाळत राहतात. माझा शेवटचा हुकूम 'पुढे चल' हा होता. इतका आज्ञाधारक मी साहेबांपुढेही कधी झालो नाही. अध्यक्षांची गाडी वीतभर अंतराने वाचली, आणि रणगाडा सरळ जाऊन सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला भिडला. नळ तुटला. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात हे यंत्र गुप्तपणे बांधताना शत्रूला सुगावा लागू नये म्हणून 'पाण्याची टाकी' अशी थाप मारली, त्यावरून 'टँक' हे नाव पडलं. शंभर वर्षांनी आमचा टँक आपल्या मूळ घरी परत गेला, एवढंच. पण ही व्युत्पत्ती ऐकायला त्या दिवशी बिनपाण्याचे चोवीस संसार तयार नव्हते.

गर्दी पांगल्यावर सुभेदारकाका रणगाड्यापाशी वाकले. त्यांनी बुरुजाचं झाकण उघडून आत पाहिलं. बराच वेळ पाहत होते. मला वाटलं, वायर तुटली असणार.

"चौघं कुठं बसायचं?" त्यांनी विचारलं.

"कोण चौघं?"

"ड्रायव्हर, गनर, लोडर, कमांडर."

मी म्हटलं, "काका, आत बॅटरी आहे. हा रेडिओवर चालतो. हुकूम दिला की ऐकतो."

"आज ऐकला का?" ते म्हणाले. मग हसले नाहीत. टाकीच्या कठड्यावर बसून त्यांनी बसंतरची लढाई सांगितली. मी वाचलेली होती; ते सांगत होते तशी वाचली नव्हती.

१६ डिसेंबर १९७१. शकरगड भाग. 'पूना हॉर्स'चे सेंच्युरियन बसंतर नदीपलीकडे होते आणि समोरून पाकिस्तानी पॅटन येत होते. एका सेंच्युरियनचं नाव 'फॅमागुस्टा'. त्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. जन्म पुण्याचा, १९५० चा. एकवीस वर्षांचा, सैन्यात अधिकारी होऊन सहा महिने झालेले. त्यांच्या रणगाड्याला गोळा लागला, आग लागली. वायरलेसवर हुकूम आला, रणगाडा सोडा. त्यांनी कळवलं, तोफ अजून चालतेय, सोडणार नाही. आणि लढत राहिले. ते मागे फिरले असते तर त्या जागेतून शत्रू आत घुसला असता. पुढचा गोळा रणगाड्यावर आला. त्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली. खेतरपालांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

"त्येच्यात बी रेडिओच होता," काका म्हणाले. "हुकूम स्वच्छ पोचलेला. उत्तर देऊन त्यांनी सेटच बंद केला म्हणतात." थोडं थांबून म्हणाले, "मी तिथं न्हवतो. पण माझं बी वय तेवढंच होतं. आमच्याकडं गाड्या यायच्या मागनं, दुरुस्तीला. पहिलं काम काय, तर आतनं धुवून काढायची. इंजिन नंतर."

टेस्लांच्या बोटीपासून माझ्या वायपरच्या मोटरीपर्यंत सगळा इतिहास मी पाठ केला होता. त्यात हे एक वाक्य नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी रजा काढून काकांना घेऊन नगरला गेलो. अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. तिथं चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. फॅमागुस्टा दुरुस्त करून तिथंच जतन केला आहे. जवळच १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय. सेंच्युरियनपुढे उभा राहिलो तेव्हा कळलं, की एकास सहा म्हणजे काय. मी त्याच्या चाकाला हात लावला आणि दीड वर्ष केलेला हिशेब विसरलो. काका शेजारी होते. त्यांनी रजेच्या दिवशी साहेबाला करतात तसा आखडता सलाम केला आणि म्हणाले, "ऑइल गळत न्हाई. नीट ठेवलाय."

परत आल्यावर मी बॅटरी मागे सरकवली आणि चार आसनं केली. झाकण बंद झालं की दिसत नाहीत. औषधाच्या बाटलीच्या ॲल्युमिनियमच्या बुचाचं चहाचं भांडंही केलं. ते मात्र हिने स्वतः चिकटवलं. यंत्राला आता शिकवून ठेवलं आहे, की रेडिओ गेला की जागच्या जागी थांबायचं. सोसायटीची तशी लेखी अट आहे.

परवा चिरंजीव म्हणाले, बाबा, दुकानात याच मापाचे सैनिक मिळतात, आणू का बसवायला? मी काकांकडे पाहिलं. काकांनी झाकण उघडून बोटाने कमांडरच्या आसनावरची धूळ पुसली.

"नको," म्हणाले. "असंच राहू द्या."

नळाचे आठशे रुपये मी अजून भरतो आहे. अध्यक्षांनी हप्ते करून दिले. व्याज साडेसहा टक्के. का, ते सांगत नाहीत.